कुपनवाली एचआयव्ही टेस्ट: पाचपैकी चार स्टार, सेंटरचं नाव न लिहिता

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू वाचून सेंटरचं नाव कळणार नाही. पुण्यात आहे, एका बस डेपोजवळ, खाली झेरॉक्सचं दुकान आणि वर दुसऱ्या मजल्यावर हे, बास. नाव लिहिलं तर माझ्या ओळखीचे चार जण लगेच ओळखतील की कोणी लिहिलंय, आणि मग तिथे अजून कोण कोण जात असेल याचे अंदाज बांधत बसतील. त्यामुळे नाव नाही, फोटो नाही, लोकेशन नाही. गावं आणि काही तपशील पण मुद्दाम गाळलेत. बाकी जसं झालं तसं.

तर सुरुवात मिसळीपासून. आमचा एक ग्रुप आहे, रविवारी सकाळी टेकडी, मग खाली येऊन मिसळ, मग तिथेच हॉटेलवाला वैतागेपर्यंत टाइमपास. सगळे आपल्यातलेच, म्हणजे पुरुष आवडणारे पुरुष, दोघांची लग्नं झालेली, वय २३ पासून ४५ पर्यंत. त्यातल्या एकाला सगळे काका म्हणतात, वय फक्त ४१ पण केस पांढरे आणि स्वभावही तसाच, कोण जेवलं कोण नाही ते बघत बसणारा. या काकाने जानेवारीत एका रविवारी बिल भरता भरता मला एक छोटं पिवळं कार्ड दिलं, लॉन्ड्रीची पावती असते ना तेवढं. वर एक नंबर, खाली पत्ता, फोन, कधीपर्यंत चालेल ती तारीख. एचआयव्ही हा शब्द कुठेच नाही. म्हटलं हे काय रे, तर म्हणाला, "फुकट चेकअप आहे, जाऊन ये. तीनच मिळालीत मला, पहिलं तुझंच नाव डोक्यात आलं."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. पहिलं माझंच का आलं? घरी जाऊन तसा मेसेज पण टाकला त्याला. त्याचं उत्तर, "गाढवा, शेवटची टेस्ट कधी केली होतीस ते सांग." आणि मी गप्प, कारण शेवटची २०१९ ला, अपेंडिक्सच्या ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलने आपणहून केलेली, मला न विचारता, रिपोर्ट पण माझ्या हातात कोणी दिला नव्हता, ऑपरेशन झालं म्हणजे निगेटिव्ह असणार असं मीच धरून चाललो होतो. त्यानंतर मधली सगळी वर्षं... जाऊ दे.

यात गंमत अशी की मला माहिती काही कमी नव्हती. १०९७ हा टोल फ्री नंबर पाठ आहे, लहानपणापासून भिंतीवर बघितलाय. सरकारी दवाखान्यात आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही टेस्ट आणि सल्ल्याचं केंद्र असतं, तिथे टेस्ट फुकट होते हे पण माहीत होतं. डेटिंग ॲपवर संस्थांचे मेसेज यायचे, लाल रिबीनचा फोटो आणि "हाय, तुम्हाला तुमचं स्टेटस माहीत आहे का", त्यांना मी सरळ ब्लॉक करायचो. पण काकाला कसं ब्लॉक करणार, पुढच्या रविवारी तो समोर बसून तर्री मागणारच आहे. तीन रविवार मी "कामात होतो" म्हणून काढले, चौथ्याला तो काही बोललाच नाही, नुसतं बघितलं आणि पावाची प्लेट माझ्याकडे सरकवली. मंगळवारी गेलो.

आता सेंटर. बाहेर बोर्डावर नुसतं "आरोग्य मार्गदर्शन केंद्र" असं काहीतरी लिहिलंय, हे शंभर टक्के बरोबर केलंय. चप्पल बाहेर काढायची. आत एक छोटा हॉल आणि त्यात प्लास्टिकच्या खुर्च्या दोन रांगांत, एकमेकींकडे तोंड करून. हे कोणाच्या डोक्यातून आलं माहीत नाही पण वाईट आयडिया आहे. कारण मी बसलो, मोबाइल काढला, मान वर केली तर समोर आमच्याच ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावरचा एक जण. कँटीनमध्ये कित्येकदा बघितलेला, एकदा लिफ्टमध्ये "पाचवा दाबता का" एवढंच बोलणं झालेलं. त्याने पण मला बघितलं. पुढची सात-आठ मिनिटं आम्ही दोघांनी मोबाइलमध्ये अशी काही मान घातली की जणू दोघांना एकाच वेळी अप्रेझलची मेल आलीये. मग त्याचा नंबर आला, तो उठला, आणि जाता जाता हळूच म्हणाला, "पंखा त्या खुर्चीला लागतो." मी त्या खुर्चीवर जाऊन बसलो. आजही ऑफिसात आम्ही काही बोलत नाही, पण लिफ्टमध्ये आता तो न विचारता पाचवा दाबतो.

आत कौन्सेलर मॅडम, पन्नाशीच्या आसपास, टेबलावर डबा आणि अर्धा प्यालेला चहा. त्यांनी ते पिवळं कार्ड, म्हणजे कुपन घेतलं, नंबर रजिस्टरमध्ये टाकला आणि पहिलं वाक्य काय, तर "कोणी दिलं ते मला सांगू नका हं, नंबरवरून आमच्या सिस्टिमला कळतं, मला माणूस कळायची गरज नाही." इथे माझे खांदे जरा खाली आले. मग फॉर्म. फॉर्ममध्ये तुम्ही कोण त्याचे रकाने, एमएसएम (पुरुषांशी सेक्स करणारे पुरुष), टीजी (ट्रान्सजेंडर), आयडीयू (इंजेक्शनने नशा करणारे) वगैरे, आणि तुमच्यापुढे टिक. मला ते आवडलं नाही, मी म्हटलं मी माणूस आहे हो, एमएसएम काय एमएसएम. मॅडम म्हणाल्या दिल्लीला असाच पाठवावा लागतो, तुम्ही मनातल्या मनात काय पाहिजे ते म्हणा. मग संमतीची सही. ही घेणं कायद्याने बंधनकारक आहे, २०१७ चा एचआयव्ही-एड्सचा कायदा, लागू झाला सप्टेंबर २०१८ ला, त्यात तुमच्या संमतीशिवाय टेस्ट करायची नाही आणि रिझल्ट कोणाला सांगायचा नाही असं स्पष्ट आहे. मी माझ्या अपेंडिक्सची गोष्ट सांगितली तर त्यांनी नुसता उसासा टाकला.

प्रश्न विचारले ते मात्र सगळे सरळ, तोंड वाकडं न करता. किती पार्टनर, कंडोम कधी होता कधी नव्हता, दारू किंवा इतर काही घेऊन सेक्स होतो का. मी एका प्रश्नाला खोटं बोललो आणि दोन मिनिटांनी स्वतःच दुरुस्त केलं, त्यांनी खाडाखोड करून नवीन लिहिलं, वर बघितलं पण नाही. बाई या कामात मुरलेल्या आहेत.

टेस्ट म्हणजे बोटाला टोचणी, रक्ताचा थेंब किटवर, त्यावर द्रावणाचे दोन थेंब, मग वीस मिनिटं थांबायचं. एक रेघ आली तर किट नीट चाललंय आणि तुम्ही नॉन-रिॲक्टिव्ह, दुसरी पण आली तर रिॲक्टिव्ह. ही वीस मिनिटं बाहेर त्या समोरासमोरच्या खुर्च्यांवर न बसवता त्यांनी मला आतच बसवून ठेवलं आणि बोलत राहिल्या, याचा एक आख्खा स्टार. दुसरी रेघ आली म्हणजे लगेच पॉझिटिव्ह असं नसतं हे त्यांनी रेघ यायच्या आधी सांगितलं, नंतर नाही, हे महत्त्वाचं. इथे फक्त स्क्रीनिंग होतं, रिॲक्टिव्ह आलं तर आयसीटीसीला वेगवेगळ्या प्रकारच्या किटवर तीन टेस्ट होतात आणि मगच पक्कं सांगतात. सेंटरचा माणूस सोबत येतो, रिक्षाने घेऊन जातो, "उद्या जा" म्हणून सोडून देत नाही. आणि पक्कं झालं तर एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांच्या सरकारी केंद्रात गोळ्या फुकट, २०१७ पासून सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) किती आहे ते न बघता सगळ्यांना सुरू करतात, आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी. नेमाने घेतली आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, इतका खाली गेला की टेस्टमध्ये सापडतच नाही, तर सेक्समधून समोरच्याला लागण होत नाही. हे शेवटचं मला अर्धवट माहीत होतं, म्हणजे इंग्रजीत वाचलं होतं, पण डबा उघडून बसलेल्या बाईने मराठीत सांगितल्यावर ते खरं वाटलं, का कोण जाणे.

माझं नॉन-रिॲक्टिव्ह आलं. पण शेवटचा रिस्क प्रसंग दीड महिन्यापूर्वीचा होता म्हणून विंडो पिरियड, म्हणजे लागण होऊनही टेस्टमध्ये दिसत नाही तो सुरुवातीचा काळ, समजावला आणि परत यायची तारीख दिली. अजून एक गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती, कंडोम फाटला वगैरे तर ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू करता येतात, २८ दिवस घ्यायच्या, जितक्या लवकर तितक्या बऱ्या. मी तेव्हा काय केलं होतं तर गूगल करत रात्र काढली होती.

मग मॅडमनी ड्रॉवरमधून तीन पिवळी कार्डं काढली. आता माझी पाळी.

इथे जरा थांबून सांगतो, ओळखीतून ओळखीत कार्ड देत टेस्टला आणायच्या या पद्धतीला सोशल नेटवर्कवरचं टेस्टिंग म्हणतात, आणि सोशल नेटवर्क म्हटलं की आपल्याला फेसबुक-इन्स्टा आठवतं. इथे त्याचा अर्थ साधा आहे, तुमची पाच-सात माणसं. ज्यांच्यासोबत बसता, पिता, झोपता, ज्यांच्याकडून उधार घेता. संस्थेला ही माणसं सापडत नाहीत पण तुम्हाला ती तोंडपाठ असतात. घरी येऊन रात्री वाचत बसलो तर अमेरिकेत २००३-०४ ला हे पद्धतशीर करून बघितलेलं, सात शहरांत नऊ संस्था, १३३ जणांनी आपापल्या ओळखीतले ८१४ जण टेस्टला आणले, त्यातले ४६ नवीन पॉझिटिव्ह निघाले. म्हणजे शंभराला जवळपास सहा. तिथल्या नेहमीच्या सरकारी खर्चाच्या सेंटरवर शंभराला एक निघत होता. २०१९ ला डब्ल्यूएचओने पण अशी पद्धत वापरा म्हणून सांगितलं. मॅडमना दुसऱ्या वेळी हे मोठ्या उत्साहाने सांगायला गेलो तर म्हणाल्या, "अमेरिका कशाला, सांगलीत बघा." १९९२ पासून तिथे संग्राम या संस्थेने धंदा करणाऱ्या बायकांनाच हाताशी धरून कंडोम वाटायचं काम सुरू केलं, कारण बाई बाईचं ऐकते, पुढे १९९६ ला त्या बायकांची स्वतःची संघटना, वॅम्प, उभी राहिली. कुपन नव्हतं, बाकी माणसाने माणसाला सांगणं तेच. मी गप्प बसलो.

आणि गरज आहेच की. देशात पंचवीस लाखांच्या आसपास लोक एचआयव्हीसोबत जगतात, सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रात, चार लाखांच्या घरात. देशातल्या या लोकांपैकी साधारण पाचातल्या एकाला ठाऊकच नाही की आपल्याला आहे. हा पाचवा माणूस पोस्टर वाचून येणारा असता तर कधीच आला असता.

कुपनमध्ये एक डोकं लावलेलं मला फार आवडलं. वाटणारा माणूस पॉझिटिव्ह पण असू शकतो आणि निगेटिव्ह पण, दोघांनाही देतात. त्यामुळे कोणाच्या हातात कार्ड दिसलं म्हणून काही कळत नाही. काका कोणत्या बाजूचा मला आजही माहीत नाही, विचारावंसं एकदा वाटलं होतं, मग वाटलं की विचारलं तर मी त्याच्या पांढऱ्या केसांच्या लायकीचा नाही. आणि तीनच कार्डं का, तर दहा दिली असती तर लोक ओळख ना पाळख रस्त्यावर वाटत सुटले असते. तीन म्हटल्यावर विचार करावा लागतो. मी चार दिवस केला.

पैशाचं पण सांगतो. तुमच्या कार्डावर कोणी आलं की प्रवासखर्च म्हणून दर माणशी १५० रुपये मिळतात, येणाऱ्याला पण मिळतात. आमच्या ग्रुपात यावरून वाद झाला, एक जण म्हणाला मित्राचं रक्त विकून मिसळ खायची का. दुसरा पार्ट टाइम डिलिव्हरी करतो, तो म्हणाला तू कारने येतोस, माझे दोन तास बुडतात त्याचे कोण देणार. मला दुसऱ्याचं पटलं. माझे पैसे मी घेतले, लपवत नाही.

आता जो स्टार कापला तो का.

पहिलं कार्ड मी एका मित्राला दिलं, गुरुवारी रात्री. शनिवारी दुपारी मला एसएमएस, "तुमचे एक कूपन वापरले गेले आहे, धन्यवाद." आता तीन कार्डांतलं एकच वाटलेलं, मग कोण गेलं हे कळायला काय रॉकेट सायन्स लागतं? इकडे कौन्सेलर म्हणते कोणी दिलं ते सांगू नका, आणि तिकडे सिस्टिम मला सांगतेय की तो अमुक दिवशी येऊन गेला. एवढ्यावर थांबलं नाही, रविवारी तो टेकडीवर आलाच नाही. आणि माझ्या डोक्यात नको नको ते. आला नाही म्हणजे काय? बरा असेल ना? फोन करू का? केला तर त्याला कळेल की मला माहितीये. ती आख्खी सकाळ त्या एका ओळीने खाल्ली. (तो मावशीच्या वास्तुशांतीला गेला होता, पुढच्या आठवड्यात लाडू घेऊन आला.) त्याचं काय निघालं ते मी लिहिणार नाही कारण मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी लिहिलं नसतं.

मी जाऊन मॅडमना हे सांगितलं. त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं, संस्थेच्या कोणा कॉम्प्युटरवाल्याने मेसेज लावून ठेवलेला. मी पण कॉम्प्युटरच्याच धंद्यात असल्यामुळे म्हटलं ताबडतोब मेसेज पाठवू नका, महिन्याच्या शेवटी सगळ्यांचा एकदम हिशोब पाठवा, तारीख न घालता. तीन आठवड्यांनी खरंच तसं केलं. त्यामुळे अर्धा स्टार परत दिला असता, पण मग व्हॉट्सॲप आठवलं.

परत यायच्या तारखेची आठवण करायला सेंटरच्या नंबरवरून व्हॉट्सॲप आलं, मजकूर एकदम सभ्य, "आपली भेट उद्या आहे." पण डीपी काय, तर भली मोठी लाल रिबीन. माझा फोन टेबलावर चार्जिंगला आणि शेजारी रूममेट पोहे खात बसलेला. त्याने काही विचारलं नाही, पण पोहे खाताना माणूस एवढा गप्प नसतो. बोर्डावर एवढी काळजी घ्यायची आणि डीपीवर रिबीन लावायची, याला काय म्हणायचं? हे पण सांगितलं. आता डीपीवर जास्वंदीचं फूल आहे.

वेळ दहा ते पाच, ही पण तक्रार आहे, नोकरी करणाऱ्याने हाफ डे टाकायचा आणि साहेबाला काय सांगायचं? दोन वेळा मी डेंटिस्ट सांगितलंय, आता दात काढून दाखवायची वेळ येईल. बुधवारी आठपर्यंत उघडं ठेवायचं चाललंय म्हणतात. आणि त्या खुर्च्या! अजून समोरासमोरच आहेत.

एक शंका मात्र सेंटरवर नाही, पद्धतीवरच आहे. ज्याला मित्र आहेत त्याच्यापर्यंत कार्ड पोचतं. ज्याला कोणीच नाही, जो ॲपवर फोटोशिवाय येतो, भेटतो आणि त्याच रात्री अकाउंट उडवतो, तो कोणाच्या पहिल्या तीनात येणार?

दुसरं कार्ड पण गेलं. तिसरं माझ्याकडेच होतं, पॅन कार्डच्या मागे. ते कोणाचं हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझ्या गावाकडचा एक जण, लग्न झालेला, मुलगी शाळेत जाते, त्याची बायको मला भाऊजी म्हणते. आमच्यात जे होतं ते दोन वर्षांपूर्वी संपलं आणि नीट संपलं नाही. तो पुण्यात येत नाही, आमच्या ग्रुपात नाही, ॲपवर नाही, त्याच्या ओळखीत अशी माणसं म्हणजे मी, आणि अजून असलीच तर त्यालाच माहीत. मॅडमना विचारलं हे कार्ड पुण्याबाहेर चालतं का, तर म्हणाल्या कार्ड इथलंच आहे, पण त्याला कार्ड कशाला हवं, त्याच्या जिल्ह्याच्या सरकारी हॉस्पिटलात आयसीटीसी असणारच, टेस्ट तिथेही फुकटच, १०९७ ला फोन केला तर जवळचं कुठलं ते सांगतील. "कार्ड हे निमित्त असतं हो, पोचवणारे तुम्हीच."

दुसरी टेस्ट पण नॉन-रिॲक्टिव्ह आली त्या दिवशी डेपोच्या स्टॉपवर उभं राहून मेसेज लिहिला. चार वेळा खोडला. शेवटी एवढंच पाठवलं की मी टेस्ट करून आलो, ठीक आहे, फुकट असते, तू पण एकदा करून घे, वहिनीसाठी तरी, आणि खाली १०९७. निळ्या टिका लगेच आल्या. उत्तर नाही. एक दिवस, दोन दिवस, मी धरून चाललो की ब्लॉक होणार, मी पण असंच केलं असतं.

पाचव्या दिवशी रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला. कसा आहेस नाही, काही नाही. "तिथं गर्दी कमी कधी असते?"

मी विचारून सांगतो म्हटलंय. पुण्यातल्या या सेंटरला मंगळवारी दुपारी तीननंतर कोणी नसतं हे मला माहितीये, पण जिल्ह्याच्या सरकारी हॉस्पिटलातल्या आयसीटीसीचं सांगता येत नाही, तिथे सकाळी ओपीडीची झुंबड असते एवढंच ऐकून आहे. कोणी गेलेलं असेल तर कुठल्या वारी आणि किती वाजता बरं पडतं ते सांगा, हॉस्पिटलचं नाव नाही लिहिलंत तरी चालेल.